फडके रोडवर भेटू

डोंबिवलीबाहेरच्या माणसाला फडके रोड दाखवायला नेऊ नये. चेहरा पडतो त्याचा. स्टेशनच्या पूर्वेला बाजीप्रभू चौकातून निघालेला हा रस्ता गणेश मंदिरापाशी जाऊन टेकतो. मध्ये कपड्यांची, सोन्याची, चष्म्यांची दुकानं, फरसाण-मिठाईवाले, दोन-चार जुनी हॉटेलं आणि दोन्ही बाजूंना दाटीवाटीने लावलेल्या स्कूटर. ओळखीचं कुणी भेटलं नाही तर सात-आठ मिनिटांत संपतो. माझी नागपूरची नणंद मंदिरापर्यंत आली, वळून मागे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, हाच का तो?" म्हटलं, हाच.

बघण्यासारखं तिथे काही नाही, हे मलाही मान्य आहे. पण "फडके रोडवर भेटू" असं डोंबिवलीत म्हटलं की पुढे दुकानाचं नाव, खूण, काही सांगावं लागत नाही. माणूस सापडतो. लग्नाआधी नवरा मला असाच सापडायचा. आजही भाचीला तिची सगळी माणसं तिथेच सापडतात, फक्त आता ती आधी लोकेशन पाठवते.

डोंबिवलीबद्दल माझं एक जुनं मत आहे, घरातले सगळे ते ऐकून कंटाळलेत, म्हणून इथे लिहिते. आपल्याला सांस्कृतिक नगरी म्हणतात, सुशिक्षितांचं शहर म्हणतात, ते सगळं ठीक. पण या गावाचा सगळा सार्वजनिक स्वभाव एकाच गोष्टीतून घडला: इथली माणसं दिवसभर इथे नसायचीच. ती मुंबईला गेलेली असायची. गावासाठी त्यांच्याकडे रात्रीचे दीड-दोन तास, रविवार आणि सणाची सुट्टी एवढाच वेळ उरायचा. मंडळं, वाचनालयं, नाटकं, उत्सव हे सगळं त्या उरलेल्या वेळात उभं राहिलं.

मुळात हे गाव नव्हतंच, गावं होती. पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली, कोपर, नांदिवली. आगरी लोकांची भातखाचरं, उल्हासच्या खाडीकाठची मासेमारी, गावदेवीच्या जत्रा. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ याच शिवारातून कल्याणपर्यंत गेले, तरी शहर यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. ज्या गणेश मंदिरापाशी फडके रोड संपतो त्याची स्थापना १९२४ची. तेव्हा आजूबाजूला किती वस्ती असेल याचा अंदाज जुन्या लोकांच्या बोलण्यातून येतो: संध्याकाळी दिवा दिसला की कुणाचं घर ते सांगता यायचं म्हणे. मग रेल्वे विजेवर आली आणि १९२९च्या सुमारास ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. आमच्या लहानपणी ते चालू होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडलं, पण रिक्षावाल्याला 'पॉवर हाऊस' म्हटलं की जुने रिक्षावाले अजूनही कुठे ते विचारत नाहीत.

आमचे बाबा साठच्या दशकात गिरगावातून आले. चाळीतली एक खोली, त्यात आजी-आजोबा, तीन भाऊ, त्यातल्या दोघांची लग्नं झालेली. डोंबिवलीत ओनरशिपचा ब्लॉक मिळतो हे ऑफिसात कुणीतरी सांगितलं. गिरगावातली मंडळी म्हणाली, "अरे, तिथे रात्री कोल्हे ओरडतात." बाबा म्हणाले, "ओरडू देत, संडास तरी घरात आहे." दोन खोल्या, गॅलरी आणि घरातल्या घरात संडास. अर्धी जुनी डोंबिवली या शेवटच्या कारणासाठी इथे आली असावी, पण कुठल्याही स्मरणिकेत हे कुणी छापणार नाही. तिथे 'मोकळी हवा' असं छापलेलं असतं.

मोकळी हवा होतीही. पावसाळ्यात आमच्या गॅलरीतून थेट शेतं दिसायची आणि बेडकांच्या आवाजाने आईला झोप लागायची नाही. आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी राहिली, त्या आगरी कुटुंबातल्या आजी रोज सकाळी दूध घालायला यायच्या. त्यांना आम्ही आजी म्हणायचो, आई त्यांना मावशी म्हणायची. दूध मापून झालं की ओट्यावर टेकायच्या आणि विचारायच्या, "आय गेली का गो तुजी?" आई तेव्हा गेलेली असायची. साडेसातची लोकल.

आई नोकरी करायची म्हणून मी पाळणाघरात वाढले, आणि तेव्हाच्या डोंबिवलीत यात काही विशेष नव्हतं. दोघांच्या पगाराशिवाय ब्लॉकचा हप्ता निघायचा नाही. त्यामुळे मुलं कुठे ठेवायची आणि रात्री जेवायला काय, हे दोन प्रश्न घरोघरी होते. त्यांची उत्तरंही इथल्याच बायकांनी शोधली: पाळणाघर आणि पोळीभाजी केंद्र. शहराच्या इतिहासात मंदिराला आणि शाळांना जेवढी जागा मिळते, तेवढी या दोघांना मिळायला हवी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आमच्या पाळणाघराच्या काकू तळमजल्यावर राहायच्या. खोलीत एक मोठी सतरंजी, भिंतीला घड्याळ, खिडकीत दप्तरांची रांग. संध्याकाळी सात वाजले की आमचे सगळ्यांचे कान जिन्याकडे. गाड्या बंद पडल्या तर तेव्हा फोन नव्हते. काकू खिडकीतून रस्त्याकडे बघायच्या. एरवी सव्वासातला जो माणसांचा लोंढा यायचा तो आला नाही, की काही न बोलता मोठं पातेलं काढून सगळ्यांचा भात चढवायच्या. मग कुणीतरी पहिला माणूस कळवा नाहीतर मुंब्र्यापासून चालत, ट्रकला हात दाखवत पोचायचा आणि सगळ्या इमारतीला बातमी सांगायचा. त्या भाताचे जास्तीचे पैसे काकूंनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

२६ जुलै २००५ला मी स्वतः फोर्टमधल्या ऑफिसात अडकले होते आणि माझा मुलगा आमच्या बाजूच्या इमारतीतल्या पाळणाघरात होता. ती रात्र मी टेबलावर डोकं ठेवून काढली. दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी रुळांवरून, काही ठिकाणी मिळेल त्या वाहनाने घरी पोचले, तर मुलगा खिचडी खात बसला होता आणि त्याला मी इतक्या लवकर का आले याचं वाईट वाटत होतं. सगळी पोरं रात्रभर एकत्र झोपली होती, त्याच्या दृष्टीने ती सहल होती. ज्या मुलांचे आईबाप तिसऱ्या दिवशी पोचले त्यांच्या घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे होत्याच. पंपवाल्याने पाणी सोडलं होतं, कुणीतरी त्यांची पिंपंही भरून ठेवली होती. हे कुणी 'आयोजित' केलं नव्हतं. इथे शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणं ही मैत्रीची खूण कधी नव्हतीच, ती सोय होती. मैत्री नंतर व्हायची, कधीकधी व्हायचीही नाही.

पोळीभाजी केंद्राबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्याच्या माझ्या सासरच्या मंडळींना ते अजून पटलेलं नाही. संध्याकाळी सातला स्टेशनवरून उतरून उर्सेकरवाडीतून भाजी घ्यायची म्हटलं तर घेता येते, पण ती निवडणार कधी? म्हणून कित्येकजणी ती गाडीतच निवडत असत. लेडीज डब्यात मेथीच्या काड्या, मटाराची सालं, वर्तमानपत्रावर चिरलेली गवार, हे दृश्य मी वर्षानुवर्षं बघितलंय आणि त्यात भागही घेतलाय. ज्यांना तेही जमायचं नाही त्या केंद्रावर थांबायच्या. आमच्या कोपऱ्यावरच्या केंद्रात दाराशी फळा, त्यावर खडूने त्या दिवशीच्या भाज्या: फ्लॉवर-बटाटा, मुगाची उसळ, पडवळ. आत दोघी लाटायला, एक भाजायला, चौथी मोजायला. पोळ्या पाच-पाचच्या थप्पीने फडक्यात ठेवलेल्या, मोजणारी बाई न बघता बोटाने थप्पी उचलायची आणि ती बरोबर पाचच निघायची. रांगेत बोलणं नसायचं. बाईने फक्त चेहरा बघून "सहा आणि अर्धी उसळ ना?" म्हणायचं. सहाऐवजी आठ मागितल्या की, "पाहुणे आले वाटतं." संकष्टीला उकडीचे मोदक, त्याची नोंदणी आठवडाभर आधी. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा विकतच्या पोळ्या बघून त्यांनी काही म्हटलं नाही, नुसती एक पोळी उलटीपालटी करून पाहिली. तिसऱ्या दिवशी "तुमच्या त्या बाईकडून आणतेस का गं, मऊ असतात" म्हणाल्या. पुण्यात गेल्यावर मात्र सुनेला घरी एक पोळी करायला नको असते, असं सांगितलं. चालायचंच.

तर अशी सगळी माणसं साडेसात-आठला घरी येऊन, हातपाय धुऊन, चार घास खाऊन मोकळी झाली की मग गाव सुरू व्हायचं. मंडळाची सभा कायम रात्री साडेआठला, म्हणजे नऊला. उशिरा येणाऱ्याला कारण विचारत नसत, "गाडी" एवढं पुरायचं. आमच्या सोसायटीचे एक खजिनदार खांद्यावरची डब्याची पिशवी न काढता चेकवर सह्या करायचे, कारण घरी गेले की परत खाली यायचा कंटाळा येईल अशी त्यांना खात्री होती. गणपतीतल्या नाटकाची तालीम नऊनंतर, नाटकाची तिसरी घंटा दहाच्या आसपास. आणि सकाळी तीच मंडळी पुन्हा साडेसातला प्लॅटफॉर्मवर, घसा बसलेला.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत मिळते, तेवढीच. नियम चांगला आहे, मला स्वतःला झोप प्रिय आहे. पण दादर-गिरगावात सहाला कार्यक्रम सुरू करता येतो, आम्ही सहाला घाटकोपरला लटकलेलो असायचो. आमची संध्याकाळ जिथे सुरू होते तिथेच कायद्याने रात्र सुरू झाली. गल्लीतली नाटकं त्यानंतर पाहता पाहता आटली. टीव्हीमुळे आटली असं सगळे म्हणतात. मी म्हणते टीव्हीला उगाच एकट्याला दोष देऊ नका.

आता दिवाळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे फडके रोडवर अख्खी तरुण डोंबिवली नटूनथटून उभी असते हे आता बातम्यांमध्येही दिसतं. याची सुरुवात कुणी केली म्हणून भांडणारे तीन-चार गट आहेत, त्यात मी पडत नाही. माझ्या आठवणीत ते असं होतं: अभ्यंगस्नान झालं की नवे कपडे घालून गणपतीला जायचं. सगळं गाव एकाच देवळात, एकाच वेळी निघालेलं, आणि जाण्यायेण्याचा रस्ता एकच. त्यामुळे भेटी व्हायच्याच. वर्षभर जी माणसं एकमेकांना फक्त प्लॅटफॉर्मवर, घामाघूम, पिशव्यांसकट बघायची, ती त्या दिवशी पहाटे उटण्याच्या वासासकट समोर यायची. वर्गातला मुलगा सदऱ्यात बघितला की ओळखूच यायचा नाही. सगळं गाव एकाच वेळी गावात असण्याचा तो एक दिवस होता. गर्दी होणार नाही तर काय?

आता त्या गर्दीत मला उभं राहवत नाही. मधली काही वर्षं तर ढोलताशे, मोठे स्पीकर, आणि वर दर दहा पावलांवर कुणा ना कुणाच्या शुभेच्छांचा फलक. फलकावरचा चेहरा रस्त्यावरच्या चेहऱ्यांपेक्षा मोठा असला की मला राग येतो. पण भाची सांगते की मावशी, तुम्ही पण तिथे मुलं बघायलाच जायचात, देवाचं नाव उगाच पुढे करू नका. यावर माझ्याकडे उत्तर नाही, नवरा तर हसतच होता.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा मात्र माझ्या डोळ्यांसमोर सुरू झाली. १९९९ साली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. कल्पना आबासाहेब पटवारींची. नंतर ठाणे, गिरगाव, आणखी कुठे कुठे ती गेली. टीव्हीवर गिरगावची यात्रा दाखवतात तेव्हा माझी आई अजून म्हणते, "आपलं बघून केलंय." ज्या गिरगावाने तिला कोल्ह्यांवरून चिडवलं, त्या गिरगावावर तिने उगवलेला हा सूड आहे. आमच्या इमारतीचा पहिला चित्ररथ म्हणजे भाजीवाल्याकडून मागून आणलेला टेम्पो, त्यावर साड्यांचा पडदा आणि जिजाबाईच्या वेशात पहिल्या मजल्यावरच्या वहिनी. तो टेम्पो चिमणी गल्लीच्या तोंडाशी बंद पडला. पुढचा सगळा रस्ता इमारतीतल्या पुरुषांनी ढकलत नेला आणि जिजाबाई वरून सूचना देत होत्या.

हे सगळं लिहिताना 'आपण', 'आपलं' असं माझ्या लेखणीतून सारखं येतंय, त्यामुळे एक गोष्ट स्पष्टच लिहिलेली बरी. हे 'आपण' म्हणजे बहुतेक वेळा मुंबईहून आलेली, ब्लॉकमध्ये राहिलेली, पांढरपेशी मंडळी. सांस्कृतिक डोंबिवली म्हणून जी मिरवते ती हीच. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथले, हे आम्ही पाहुण्यांना न विचारता सांगतो. पण फेब्रुवारी २०१७मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं, तेव्हा यजमान संस्था कोण होती? आगरी यूथ फोरम. ज्यांच्या शेतांवर आमचे ब्लॉक उभे राहिले त्यांच्या पोरांची संस्था. संमेलनाची जागाही ह. भ. प. सावळाराम महाराजांच्या नावाचं क्रीडासंकुल, म्हणजे आगरी-वारकरी परंपरेतल्या कीर्तनकारांचं नाव. आणि तिथल्या साहित्यनगरीला नाव पु. भा. भाव्यांचं. दोन्ही डोंबिवल्या एका कमानीखाली आल्या.

तेव्हा आमच्या भिशीत एकीने नाक मुरडून "ते कसं काय करणार संमेलन?" असं विचारलं होतं. केलं की. अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. मी तिन्ही दिवस गेले. पुस्तकांच्या दालनात धक्के खाल्ले, आणि खाण्याच्या स्टॉलवर तांदळाच्या भाकरीसाठी रांगेत उभी राहिले. त्या रांगेत मला दूध घालणाऱ्या आजींची नात भेटली. आता शाळेत मराठी शिकवते. आजी गेल्याचं मला माहीत नव्हतं, गल्ली तीच असून. तिने सांगितलं की त्यांचं आगरी महोत्सवातही दर वर्षी काही ना काही असतं, "पण तुम्ही लोक येत नाही फारसे." खरं होतं. त्या वर्षीपासून जाते. सुकटीची चटणी घेऊन येते आणि ती घरात कुठे ठेवायची यावरून वाद होतो.

गावाबद्दल फक्त गोड लिहिलं तर इथले लोकच हसतील, म्हणून बाकीचंही. १९८३ला महापालिका झाली, २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली मिळून साडेबारा लाखांच्या घरात गेली, आणि रस्ते अजून दोन हजार वस्तीच्या गावाला पुरतील असे. पूर्व-पश्चिम जोडणारा कोपरचा पूल सप्टेंबर २०१९मध्ये बंद झाला तो दोन वर्षांनी उघडला. तोवर पश्चिमेला राहणारी माझी मैत्रीण मला परगावी गेल्यासारखी वाटायची. एमआयडीसीचा वास हिवाळ्याच्या पहाटे घरात येतो. २६ मे २०१६ला तिथल्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या काचा थरथरल्या. पुढे २३ मे २०२४ला पुन्हा तसाच मोठा स्फोट झाला, माणसं गेली. कारखाने आधी आले की घरं, हा वाद दर वेळी होतो आणि दर वेळी विझतो. आणि लोकल. दारात लटकून पडलेल्या मुलांच्या बातम्या इथे पेपरात वाचायच्या नसतात, त्या इमारतीत कळतात. आमच्या मागच्या इमारतीतला एक असाच गेला, पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षात. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

गेल्या पाच वर्षांत बदललेली गोष्ट वेगळीच आहे. माझा मुलगा घरून काम करतो. आठवड्यातून एकदा ऐरोलीला जातो, बाकी दिवसभर डोंबिवलीत. आमच्या घराण्यात दुपारी दोन वाजता डोंबिवलीत असलेला हा पहिला कमावता पुरुष. त्याला दुपारच्या गावाची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे. कुठल्या झाडाखाली रिक्षावाले डबा खातात, कुठल्या दुकानाचा मालक एक ते चार शटर अर्धं ओढून झोपतो, शाळा सुटल्यावर कुठला चौक तुंबतो. मी निवृत्त झाले तेव्हा पहिले काही महिने मला दुपारी खाली उतरायला चमत्कारिक वाटायचं, ऑफिसला दांडी मारल्यासारखं. तो म्हणाला, "आई, चल, तुला गाव दाखवतो." ज्या गावात मी जन्मले ते!

फडके रोडवर आता दुपारी कॉफीच्या दुकानांत लॅपटॉप उघडलेली पोरं दिसतात. आमची इमारत पुनर्विकासाला गेली, जिथे चार मजले होते तिथे चौदा होणार आहेत, तोवर आम्ही भाड्याच्या घरात. तिथे शेजारी तमिळ कुटुंब. त्यांच्या आजी मला सकाळी डोसा देतात, मी त्यांना केंद्रातल्या पुरणपोळ्या स्वतः केल्यासारख्या देते. किल्ली मात्र इथे कुणी कुणाकडे ठेवत नाही, दारांना नंबरचं कुलूप आहे. वाचायचं वेड टिकून आहे. पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदानप्रदान सुरू केलं तेव्हा मी शंका घेतली होती की जुनी पुस्तकं बदलायला कोण येणार. पिशव्या घेऊन रांगा लागल्या. माझ्या नवऱ्याने घरातली अडगळ कमी करायला म्हणून पुस्तकं नेली आणि तितकीच परत आणली.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो यंदाच्या पाडव्याच्या चित्ररथाच्या बैठकीचा. तरुण मंडळींचं म्हणणं, संध्याकाळी साडेपाचला घ्या, आम्ही सगळे घरीच असतो, आठनंतर आमचे अमेरिकेचे कॉल सुरू होतात. जुन्या सभासदांचं म्हणणं, साडेआठ ती साडेआठ. यातले निम्मे दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेत, त्यांना कुठलीही गाडी पकडायची नाही की सोडायची नाही. तरी साडेपाचला सभा म्हणजे त्यांना ती खरी वाटत नाही. ग्रुपवर मतदान घेतलं, बरोबरी झाली. मी साडेपाचला मत दिलं. नवऱ्याने साडेआठला दिलं आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "तोवर लोक येतील तरी."

शेवटी सातला ठरलंय, म्हणजे दोघांचीही गैरसोय. येत्या शनिवारी, गणेश मंदिराच्या मागच्या गल्लीत, आमच्या जुन्या सेक्रेटरींच्या घरी. टेम्पो कुणाकडे असेल तर सांगा. चालू स्थितीतला.